नमुना ८ मधले दुसरे नाव

गेल्या डिसेंबरात, कापसाची दुसरी वेचणी संपत आली असताना, एक बाई घरपट्टी भरण्यासाठी ग्रामपंचायतीत आली. घरपट्टी भरायला बाईमाणसाने येणे हीच आमच्याकडे थोडी नवलाची गोष्ट आहे, कारण तो व्यवहार पुरुषाचा मानला जातो आणि बहुतेक वेळा पुरुषही तो मार्च महिन्यात वसुलीची फेरी दारात आल्याखेरीज करत नाही. पदराच्या गाठीतून तिने वेचाईच्या मजुरीचे पैसे काढले, पावती घेतली, तरी ती उठेना. शिपाई पाण्याच्या टाकीकडे गेला, दाखल्यासाठी आलेले दोघे निघून गेले, तेव्हा तिने कपाटाकडे बोट दाखवून विचारले, "मॅडम, त्या मोठ्या वहीत माहं नाव हाय का जी?" तिच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, डाव्या हातात एकही नव्हती आणि मनगटावर हळद लावून चिंधी बांधलेली होती.

मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून लागले, त्याला आता बरीच वर्षे झाली; २०२४ मध्ये आमच्या पदाचे नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झाले, दप्तर मात्र तेच राहिले. गावाचे नाव मी येथे लिहीत नाही आणि ज्या बायांविषयी लिहीत आहे त्यांच्या ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत, कारण दीड हजार वस्तीच्या गावात दारापुढच्या रांगोळीवरूनसुद्धा घर ओळखता येते.

त्या मोठ्या वहीविषयी आधी सांगते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. गावातील प्रत्येक घर, गोठा आणि मोकळी जागा, तिचे क्षेत्रफळ, भिंत मातीची की विटांची, मालक कोण आणि भोगवटादार कोण, हे सारे तिच्यात एका ओळीत मांडलेले असते. तिच्यावरून नमुना ९ मध्ये मागणी निघते आणि शेवटी नमुना १० ची पावती फाटते. मालकाच्या रकान्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव लिहिले जात आले आणि ते पुरुषाचे असे. २००३ साली राज्य शासनाने ग्रामीण भागातील घरांची नोंद पती आणि पत्नी अशी दोघांच्या नावे करण्याचा निर्णय काढला. शेतजमिनीच्या बाबतीत त्याआधी, १९९२ मध्ये, लक्ष्मी मुक्तीचे परिपत्रक निघाले होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने उभ्या केलेल्या मोहिमेतून ते आले आणि नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावून घेण्याची सोय त्यात झाली. सातबारा तलाठ्याच्या हाती, नमुना ८ आमच्या हाती. स्वखुशी हा शब्द सातबाऱ्याच्या वाटेत धोंड होऊन बसतो. घराच्या नोंदीच्या बाबतीत ग्रामपंचायतीला थोडा अधिक वाव आहे, आणि तो वाव आम्ही बहुतेकांनी वर्षानुवर्षे वापरलेला नाही. मी स्वतःही पहिली काही वर्षे तो निर्णय फाईलमध्ये नीट टोचून ठेवला होता.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर या नोंदीला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहेत. नमुना ८ हा मालकी हक्काचा पुरावा नव्हे, तो कराचा कागद आहे. उलट, बाईला घरात राहण्यासाठी त्या कागदाची गरजही नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्याच्या १७ व्या कलमाने, तिचे नाव कोणत्याही दस्तावर असो वा नसो, सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क मान्य केला. आमच्याकडे घर बहुधा सासऱ्याच्या नावावर असते, आणि "माह्या बापाचं घर हाय, माहं नाही" ही पळवाट नवरे मोठ्या खुबीने वापरतात. सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीही बंद केली आणि घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असा निकाल दिला.

असे असेल तर वहीतल्या नावाने काय साधते, हे मला गावातल्या एका रात्रीने शिकवले. बाईला घराबाहेर काढले होते, दाराला आतून कडी होती, पोलीस पाटील आले होते, चार शेजारी उभे होते आणि प्रत्येक जण एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत बोलत होता, की घर त्याचे आहे, आज रात्री तू भावाकडे जा, सकाळी पाहू. त्या चौघांत दुष्ट असा कोणीही नव्हता. घर कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मनात आधीच ठरलेले होते आणि पुढचे सगळे त्यातून आपोआप निघत होते. १७ वे कलम त्या अंगणात कोणाला ठाऊक नव्हते. नमुना ८ चा, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा उतारा मात्र तेथील प्रत्येकाला ओळखीचा होता, कारण कर्जापासून वीज जोडणीपर्यंत सगळ्यांनी तो कधी ना कधी काढलेला होता.

आता माझी चूक. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा मी नोकरीत नवी होते. गावातले तंटे गावातच मिटावेत, लोकांचे कोर्टकचेरीचे हेलपाटे वाचावेत, हा हेतू चांगला होता, आणि धुऱ्याची म्हणजे शेताच्या बांधाची, पाण्याची, भाऊहिश्शाची कितीतरी भांडणे गावोगावच्या तंटामुक्ती समित्यांनी खरोखर मिटवली. पण मिटवलेल्या तंट्यांना गुण होते आणि गुणांवर पुरस्कार होता. एका संध्याकाळी समाजमंदिरात नवरा-बायकोचा तंटा समितीपुढे आला आणि अक्षर चांगले म्हणून समझोता लिहायला मला बसवले. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर मी माझ्या हाताने लिहिले, "यापुढे पती पत्नीस मारहाण करणार नाही व पत्नी पतीस उलट बोलणार नाही." दोन्ही बाजू सारख्या तोलल्या गेल्या, याचे तेव्हा सगळ्यांना समाधान वाटले होते, मलाही. सात आठवड्यांनी तीच बाई ग्रामीण रुग्णालयात होती, हाताचे हाड मोडले होते, आणि तिच्या नवऱ्याचे म्हणणे असे, की तिने समझोत्यातली अट आधी मोडली. तो कागद त्याने खिशात आणला होता. त्या वर्षीच्या अहवालात तो तंटा मिटलेल्या तंट्यांत मोजला गेला आणि त्या अहवालावर माझी सही आहे.

धुऱ्याच्या भांडणात दोघांकडेही वावर असते, म्हणून तडजोड होऊ शकते. मारहाणीत एकाकडेच घर असते आणि दुसऱ्याला त्याच घरात परत जायचे असते, म्हणून तेथे तडजोड म्हणजे बाईने परत जाणे, एवढाच अर्थ उरतो. हा फरक समजायला मला एका बाईचा मोडलेला हात पाहावा लागला.

त्यानंतर मी कौटुंबिक हिंसाचाराचा तो २००५ चा कायदा नीट वाचला. त्यातल्या ४ थ्या कलमाकडे आमच्या प्रशिक्षणात कोणी लक्ष वेधल्याचे मला आठवत नाही. हिंसाचार घडला आहे, घडत आहे किंवा घडू शकतो, असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामपंचायतीचा शिपाई, कोणीही. पुढे संरक्षण अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल तयार करतात, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांच्या आत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. साठ दिवसांत निकाल लागलेला मी पाहिलेला नाही. अंतरिम आदेश मात्र पाहिला आहे, आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे ऐकल्यावर एका नवऱ्याचा आवाज माझ्या देखत खाली आला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातील अधिकाऱ्यांची संरक्षण अधिकारी म्हणून नेमणूक करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. कायदा लागू होऊन १८ वर्षे उलटल्यावर असे निर्देश द्यावे लागतात, यावर मी वेगळे भाष्य करत नाही.

या कायद्याचे स्वरूप मुख्यतः दिवाणी आहे, ही आमच्या बायांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचे पूर्वीचे ४९८ अ कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ वे झाले, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नेमके तेच ऐकून बाया माघारी फिरतात. "त्याले जेलात नोका टाकू जी, हात उचलू नये एवढंच पाह्यजे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की ते गावाचेच म्हणणे वाटावे. पेरणीच्या तोंडावर घरचा माणूस तुरुंगात गेला तर वावर पडीक राहते आणि त्याचा बोल पुन्हा तिच्यावरच येतो. संरक्षण आदेश, निवासाचा आदेश, पोटापाण्याची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळे नवऱ्याला तुरुंगात न टाकता मागता येते, हे तिला कळले तर ती निदान बसून ऐकते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी देशभरात २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोठे तरी मदत मागणाऱ्या निघाल्या केवळ १४ टक्के. हा आकडा मला धक्कादायक वाटत नाही. आमच्या गावाहून तालुका २८ किलोमीटरवर आहे, जिल्हा त्याच्या दुप्पट लांब आहे, आणि सकाळच्या एसटीत बसलेली एकटी बाई कोठे चालली, हे गाडी फाट्यावर पोहोचण्याआधी गावाला ठाऊक झालेले असते. २०१५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर ही योजना आली. तेथे उपचार, पोलीस, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एका छपराखाली मिळावा, अशी ती रचना आहे. महिलांच्या मदतीसाठी १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यानुसार उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. या सगळ्याची पाटी आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर आहे, आणि तिच्यासमोर दिवसभर पुरुष बसलेले असतात. मार्च २०२३ मध्ये एसटीचे तिकीट बायांना निम्मे झाले, तेव्हा कोणी ते हिंसाचाराशी जोडले नाही, पण माझ्या पाहण्यात त्या निर्णयाने जितक्या बाया तालुक्यापर्यंत पोहोचल्या, तितक्या त्या पाटीने पोहोचल्या नाहीत.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. तो बहुतेक ठिकाणी अंगणवाडीची भांडी, खुर्च्या आणि शिलाई यंत्रे यांत जातो, आणि त्या वस्तू वाईट आहेत असे नाही. एका वर्षी आम्ही ठरवले, की त्यातून थोडी रक्कम अडचणीतल्या बाईच्या प्रवासासाठी बाजूला काढावी. दोनशे-अडीचशे रुपयांची गोष्ट होती. पण खर्च म्हटला की प्रमाणक आले, प्रमाणकावर पैसे घेणाऱ्याचे नाव, सही आणि कारण आले, आणि जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवायचा असतो. म्हणजे ज्या बाईने कोणाला कळू न देता तालुक्याला जायचे, तिचे नाव आणि जाण्याचे कारण मी सहा महिन्यांनी ध्वनिक्षेपकावर वाचणार. नाव न लिहिता खर्च टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. शेवटी तो मार्ग आम्ही सोडला आणि बचत गटांच्या ग्रामसंघाने स्वतःच्या निधीतून ती सोय केली. त्यांच्या वहीत ते उसने म्हणून लिहिले जाते, आणि उसने कशासाठी घेतले, हे बायकांमध्ये कोणी विचारत नाही. सरकारी पैशाचा हिशेब उघड असावा, हे तत्त्व मी आयुष्यभर सांगत आले आहे आणि आजही सांगते, पण त्या तत्त्वाला एक बारीक अपवाद हवा होता, आणि तो कोठेच लिहिलेला नव्हता.

दारूविषयी लिहिले नाही तर आमच्याकडचा वाचक हा लेख अपुरा मानील. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपूरमध्ये २०१५ साली झाली आणि २०२१ मध्ये उठली. गावपातळीवर बायकांच्या मतदानाने दुकान बंद करण्याचा, आडव्या बाटलीचा मार्ग आहे, आणि त्यासाठी उन्हात रांगा लावणाऱ्या बायांविषयी मला आदरच आहे. दुकान बंद झाले की काही घरांत रात्री शांत जातात, हेही खरे. तरीसुद्धा सगळा दोष बाटलीवर टाकणे मला पटत नाही. पिऊन आलेला माणूस वाटेत सरपंचाच्या दारावर लाथ मारत नाही, कृषी केंद्राच्या मालकावर हात उचलत नाही. घरी पोहोचेपर्यंत त्याला कोण कोण आहे, याचे पूर्ण भान असते.

प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती कशी होते, हे आम्ही सगळे जाणतो: शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो आणि बाया चुलीपुढून उठून सही किंवा अंगठा देतात. मी हे केले आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही ती सभा कार्यालयातून अंगणवाडीत नेली, वेचणीहून परतल्यावरची वेळ ठेवली आणि पुरुषांना, विशेषतः सरपंच बाईंच्या यजमानांना, बाहेर बसण्याची विनंती केली. (२०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायांच्या आहेत, यजमानांच्या जागा कोणी मोजलेल्या नाहीत.) मी ठरावाचा मसुदा लिहून नेला होता, हिंसामुक्त गावाची शपथ आणि वेशीवर फलक असा. बायांनी तो ऐकून घेतला आणि मग एक म्हातारी म्हणाली, की समाजमंदिराच्या ओट्याजवळचा दिवा चार महिने बंद आहे, तो आधी लावा. मला संबंध लागेना. तेव्हा दुसरीने सांगितले, की रात्री घराबाहेर काढलेली बाई त्या ओट्यावर येऊन बसते, आणि अंधारात बसलेल्या बाईला पुन्हा वेगळीच भीती असते. दिवाबत्ती हा ग्रामपंचायतीच्या अगदी मूळ कामांपैकी विषय. इतक्या वर्षांत त्या ओट्यावर रात्री कोण बसते, हे मला माहीत नव्हते. त्या सभेत दुसरीही एक गोष्ट ठरली, ती मी इतिवृत्तात लिहिली नाही: गावाच्या तीन टोकांना तीन घरे, ज्यांचे दार रात्री कोणत्याही वेळी वाजवले तरी उघडेल.

आणि दोघांच्या नावाच्या नोंदींसाठी अर्ज भरून घेण्याचे त्याच सभेत ठरले. घरकुलाच्या घरांत अडचण नव्हती, कारण प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावानेच मंजूर करण्यावर भर आहे. अडचण जुन्या घरांत होती. मी कोणाला समानतेचे प्रवचन दिले नाही. दाखल्यासाठी, कर आकारणीच्या दुरुस्तीसाठी, गोठ्याच्या प्रकरणासाठी जो येईल त्याच्यापुढे दुसरा अर्ज ठेवला आणि शासन निर्णय असा आहे, एवढेच सांगितले. बायकोचे न ऐकणारा पुरुषही शासन निर्णय ऐकतो. काही जण अर्ज घरी वाचून पाहतो म्हणून घेऊन गेले, ते आलेच नाहीत. एकाने आठ दिवसांनी येऊन सही खोडून मागितली.

डिसेंबरात आलेल्या त्या बाईचे नाव वहीत नव्हते. तिच्या नवऱ्याला रोजगार हमीतून गुरांचा गोठा हवा होता आणि त्यासाठी तो जानेवारीत उतारा मागायला आला. मी दोन्ही अर्ज मोठ्याने वाचून दाखवले, कारण त्याला वाचता येत नाही आणि न वाचून दाखवता सही घेणे मला मान्य नाही. तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून नख ओढत बसला. मग त्याने विचारले, की नाव लावले तर ती घर विकू शकते का. मी सांगितले, की एकटी विकू शकत नाही. आणि तो एकटा विकू शकेल का, असे त्याने विचारले नाही, म्हणून मीही सांगितले नाही. त्याने सही केली. मासिक सभेत ठराव झाला आणि नोंद लागली.

उतारा न्यायला ती स्वतः आली. शुल्क वीस रुपये. मनगटाची चिंधी निघाली होती, डाव्या हातात दोन बांगड्या आल्या होत्या. नवऱ्याच्या नावाखाली दुसऱ्या ओळीत तिचे नाव होते. तिने ते कोठे आहे, हे मला बोट ठेवून दाखवायला लावले. घरी सगळे ठीक आहे का, असे विचारल्यावर ती काही बोलली नाही. तिने पदराची गाठ पुन्हा सोडली आणि आणखी वीस रुपये टेबलावर ठेवले.

"दोन द्या जी," ती म्हणाली. "एक माहेरी ठेवतो."